खांबेट्यांची दुसरी किल्ली

वामनराव खांबेटे स्वतःच्या घरात एकट्याने कधीच शिरू शकत नसत.

त्यांच्या दाराला दोन कुलपं होती. वरच्या कुलपाची किल्ली त्यांच्या जानव्याला बांधलेली आणि खालच्या कुलपाची आमच्या घरी, देवघराशेजारच्या खुंटीवर. कोलकात्याच्या बेहाला भागातल्या त्या इमारतीत आमची दारं समोरासमोर. खांबेटे बाहेरून आले की आधी आमची बेल वाजवायचे. मी किल्ली घेऊन बाहेर यायचं, खालचं कुलूप मी उघडायचं, वरचं त्यांनी, आणि मग "आभारी आहे" म्हणून ते आत जायचे. कंटाळून मी एकदा किल्ली त्यांच्याच हातात द्यायला गेलो, तर विस्तव पुढे केल्यासारखे मागे सरकले. "तुमची किल्ली तुम्हीच फिरवायची, ऑडिटसाहेब."

"का हो? माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

"विश्वास आहे हो. पण पद्धत म्हणून."

हे त्यांचं पालुपद. भाजीवाल्याने पिशवीत टाकलेली भेंडी ते पुन्हा तोलून घ्यायचे, पद्धत म्हणून. सत्यनारायणाच्या प्रसादाला सामान आणलं की आम्ही दोघांनी मिळून रवा मोजायचा, पद्धत म्हणून. एकदा ते बराकपूरला जुन्या सहकाऱ्याकडे मुक्कामाला गेले असताना आम्ही उभयता पुरीला निघालो आणि किल्ली माझ्या पाकिटातून जगन्नाथाच्या दर्शनाला गेली. परतलो तर खांबेटे आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये सतरंजीवर मुक्काम ठोकून होते. तळमजल्यावरच्या मित्रबाबूंनी कुलूपवाल्याला बोलवायचं सुचवलं होतं. त्यांना खांबेट्यांनी विचारलं म्हणे, "मॅनेजर रजेवर गेला म्हणून तिजोरी फोडतात का?"

हे किस्से मी कोलकात्यातल्या मराठी माणसांना इतकी वर्षं सांगत आलो आहे, की काहींना ते माझ्याहून चांगले सांगता येतात. गणेशोत्सवात एकदा मी खांबेट्यांची नक्कलही केली होती. उपरण्याला किल्ली बांधून. हॉल हसून लोळला. पण मी आयुष्यभर सरकारच्या हिशेब तपासणी खात्यात नोकरी केली. अहवालातून एखादा परिच्छेद वगळला, तर उरलेला अहवाल खरा असूनही खोटा ठरतो, हे मला कळतं. या अहवालातला एक परिच्छेद मी वगळत आलो आहे. आता वय झालं. तो जोडून टाकतो.

खांबेटे बँकेतले. बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांच्या ताब्यात असतात. एकट्याला तिजोरी उघडताच येत नाही. बाकीचे लोक निवृत्त झाल्यावर हा नियम कचेरीत ठेवून घरी येतात. खांबेटे तो घरी घेऊन आले. कुमुदवहिनी होत्या तोवर दुसरी किल्ली त्यांच्या कमरेला असायची. दोघं बाजारातून आली, की दारात उभी राहून एक वर, एक खाली अशी कुलपं उघडायची, आणि वहिनी आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "उघडा हो मॅनेजर, दूध तापवायचंय." वहिनी गेल्या. सगळे विधी आटोपल्यावर खांबेटे आमच्याकडे आले, हातात ती किल्ली. आमच्या हिने चहा टाकला. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ही जागा रिकामी झाली आहे. आपण रुजू व्हावं."

मी रुजू झालो. पगार नाही, रजा नाही.

मग त्यांच्या मुलाने, निखिलने, त्यांना स्मार्टफोन पाठवला. निखिल कॅनडात कॅल्गरीला असतो. जन्म आणि शिक्षण कोलकात्यातलं, त्यामुळे त्याच्या मराठीतलं पुल्लिंग-स्त्रीलिंग बेहाल्याच्या बसमधल्या प्रवाशांसारखं जागा मिळेल तिथे बसतं. त्याने व्हिडिओ कॉलवर वडिलांना समजावलं, की फोनमधले फोटो आपोआप क्लाऊडमध्ये जातात, तिथे ते सुरक्षित असतात. खांबेट्यांनी हे लगेच आपल्या भाषेत करून घेतलं. फोन म्हणजे ब्रँच. क्लाऊड म्हणजे हेड ऑफिस. फोटो काढला, की जिन्यात उभे राहून मला सांगायचे, "गेला हेड ऑफिसला."

त्यांच्याकडे फोटोंचे अल्बम होते. नागपूर, जबलपूर, बराकपूर, जिथे जिथे बदली झाली तिथले. पण कोलकात्याची दमट हवा अल्बमला सोडत नाही. पानं एकमेकांना चिकटलेली, कुमुदवहिनींच्या साखरपुड्याच्या फोटोवर बुरशीचे ठिपके. हे सगळं हेड ऑफिसला पाठवायचं त्यांनी ठरवलं. थंडीभर त्यांच्या गॅलरीत रोज दुपारी काम चालायचं. खांबेटे वाकून फोटो काढायचे आणि मी वर छत्री धरून उभा, कारण फोटोवर ऊन चमकतं. एकदा मित्रबाबूंनी खालून वर पाहिलं आणि विचारलं, "दादा, पाऊस कुठे आहे?"

"घरात," खांबेटे म्हणाले आणि पुढचं पान उलटलं.

काम संपायच्या बेतात असताना फोन भरला. जागा नाही, असं तो सारखं सांगू लागला. खांबेट्यांनी शांतपणे ब्रँचमधले सगळे फोटो पुसून टाकले. हेड ऑफिसला प्रत आहे म्हटल्यावर ब्रँचला ओझं कशाला? पाच मिनिटांनी आमची बेल. दारात खांबेटे, चेहरा पांढराफटक.

"ऑडिटसाहेब, ब्रँचमधून काढलं की हेड ऑफिसमधूनही जातं हो. हे कसलं हेड ऑफिस?"

निखिलला उठवलं. त्याने तिकडून सांगितलं, की पुसलेले फोटो काही दिवस कचरापेटीत असतात, तिथून परत आणता येतात. आणले. सगळे परत येईपर्यंत खांबेटे आमच्या सोफ्यावर देवाचं नाव घेत बसले होते. शेवटचा आला तेव्हा म्हणाले, "कचरापेटीला ज्याने कुलूप लावलं नाही, त्याचं भलं होवो."

जुने अल्बम त्यांनी रद्दीत घातले नाहीत. माणसांचे चेहरे किलोवर घालायचे नसतात, असं म्हणाले. आम्ही दोघं टॅक्सी करून बाबूघाटावर गेलो आणि ते गंगेत सोडले. नदीत असं काही टाकू नये, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. एवढा नियम मोडताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. आता त्यांच्या साऱ्या संसाराची एकच प्रत उरली होती. ती हेड ऑफिसात.

पुढच्या वर्षी त्यांचा तोल जाऊन ते न्हाणीघरात पडले. बाहेरून दार उघडायला माझ्याकडे खालची किल्ली होती, पण वरचं कुलूप आतून लावलेलं आणि त्याची किल्ली त्यांच्या जानव्याला. मित्रबाबूंनी शेवटी दार फोडलं. हाड मोडलं नव्हतं, पण निखिल पुढच्याच विमानाने आला आणि म्हणाला, "बाबा, आता बस. तुम्ही माझ्यासोबत चला. कायमचा."

खांबेटे तयार झाले. घर विकायचं ठरलं, भांडी वाटली, कपाटं मंडळाला दिली. या सगळ्याला त्यांनी हूं की चूं केलं नाही. अडलं ते एका संध्याकाळी. निखिल लॅपटॉप घेऊन आमच्याच जेवणाच्या टेबलावर बसला होता. बँकेची, पेन्शनची, सगळी खाती त्याने मार्गी लावली होती. फोटोंचं उरलं होतं.

"हे खाती तुमच्या इथल्या नंबरला जोडला आहे, बाबा. लॉगिन केलं की कोड या सिमवर येतो. हा नंबर बंद पडला तर तुम्ही आत जाऊच शकत नाही. फोटो सगळे अडकून पडतील. तिथे गेलं की नवीन नंबर टाकू."

"पासवर्ड कोणाकडे राहील?"

"तुमच्याकडे."

"आणि कोड?"

"तुमच्याकडेच. तुमच्या फोनवर."

खांबेट्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पोराने भर टेबलावर दारूची बाटली काढली होती. "दोन्ही किल्ल्या एकाच खिशात? ऑडिटसाहेब, तुम्ही हे पास कराल?"

मी, खरं सांगतो, केवळ गंमत म्हणून म्हणालो, "गंभीर आक्षेप घेईन."

"ऐकलंस?" खांबेटे मुलाला म्हणाले.

निखिलने कपाळावर हात मारला. "काका, तुम्ही पण?"

"अरे, नंबर बंद पडला तर फोटो गेले, हे तूच म्हणालास ना?" खांबेटे म्हणाले. "मग चालू ठेवू. सिम इथे राहील. यांच्या ताब्यात. पासवर्ड माझा, कोड यांचा."

"बाबा, काका सत्तर पार करून गेली."

"म्हणून तर. जबाबदारी असली की माणूस टिकतो."

जाण्याच्या आदल्या दिवशी रीतसर चार्ज दिला-घेतला गेला. खांबेट्यांनी जुन्या बटणांच्या फोनमध्ये ते सिम घातलं, फोन कापडी पिशवीत टाकला, पिशवीला सुतळी बांधली आणि गाठीवर लाख वितळवून स्वतःच्या अंगठीचा शिक्का उमटवला. ताबा घेतल्याच्या कागदावर मी सही केली. मित्रबाबूंची साक्षीदार म्हणून. सगळे पेढे खात असताना आमची ही म्हणाली, "पण भावजी, फोन पिशवीत बंद असला तर कोड वाचायचा कसा?"

मग खांबेट्यांनी शिक्का फोडला, फोन बाहेर काढला, आणि रिकाम्या पिशवीला पुन्हा लाख लावली. पद्धत म्हणून.

ते कॅल्गरीला पोचले आणि आमच्याकडे फोन सुरू झाले. दिवेलागण झाली, हिने देवापाशी निरांजन लावलं, की माझा फोन वाजायचा.

"ऑडिटसाहेब, तिजोरी उघडायची आहे."

मग मी बटणांचा फोन हातात घ्यायचा. तो टुण्ण वाजायचा. मी चष्मा शोधायचा.

"हं, घ्या. चार..."

"थांबा. पाऊस आहे का तिकडे?"

"आहे. चार, नऊ..."

"बेहाला चौरस्त्याला पाणी तुंबलं असेल. मेट्रोने जाता का हल्ली?"

"जातो. पुढे घ्या, चार, नऊ, शून्य..."

"आणि मित्रबाबूंचं पंपवाल्याशी मिटलं का?"

तोवर कोडची मुदत संपायची. "गेला हो तो," खांबेटे सांगायचे, जरासुद्धा खंत न वाटता. "दुसरा मागवतो."

मी कोड मंडळाच्या आरतीत सांगितला आहे, सगळे टाळ्या वाजवत असताना एका कानात बोट घालून. दाढदुखीच्या डॉक्टरकडे तोंडात कापूस असताना सांगितला आहे. हावड्याच्या लाँचमध्ये सांगितला, तेव्हा शेजारच्या बाईंनी मला ऐकवलं, की अनोळखी माणसाला कोड देऊ नका काका, फसवतात. मी म्हणालो, हा माणूस अनोळखी नाही, पण फसवत असेल तर सांगता येत नाही. नोलेन गुडाच्या, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाच्या, संदेश मिठाईचा हंगाम सुरू झाल्याची बातमी मी त्यांना तीन आकड्यांच्या मध्ये दिली. त्यावर पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही, आणि तोही कोड गेला.

हे सगळं मंडळात रंगवून सांगायला मला आणखी साहित्य मिळालं. लोक दारातच विचारायचे, "काय, तिजोरी उघडली का आज?" मी हसायचो. घरी मात्र वैतागायचो. ही म्हणायची, "करू देत की फोन. तुमच्याशी बोलायला दुसरं कोण धजावतं?" पण एका संध्याकाळी आमच्या नातीचं गाणं होतं. ती पहिल्यांदाच स्टेजवर बसली होती, आणि तिने आलाप घेतला त्या क्षणी माझ्या खिशात दोन्ही फोन वाजले. अख्ख्या हॉलने मान वळवली. नात थांबली.

घरी येऊन मी निखिलला फोन केला. म्हटलं, "बाबा रे, तो नंबर बदलून टाक. तुझ्या वडिलांना आवडो न आवडो. मला आता हे झेपत नाही."

रविवारी त्याने बदलला. संध्याकाळी खांबेट्यांचा फोन आला. आवाज अगदी कार्यालयीन. "आपल्याकडून चार्ज परत घेण्यात आला आहे. आजवर दिलेल्या सहकार्याबद्दल आभारी आहे."

"अहो, आता तुम्हाला केव्हाही फोटो बघता येतील. कोणाची वाट बघायला नको."

"हो. सोय झाली," ते म्हणाले.

त्यानंतर दिवेलागणीला आमच्याकडे फक्त निरांजन लागायचं. पहिल्या आठवड्यात बरं वाटलं. मंडळात मी शेवटचा अंकही सांगून टाकला. चार्ज परत घेण्यात आला आहे, हे वाक्य त्यांच्याच आवाजात. टाळ्या पडल्या.

मग निखिलचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "काका, एक विचारू? बाबा फोटो बघतच नाहीत आता. फोन टेबलावर पडली असते दिवसभर."

"आता तर कोडही लागत नाही."

"कोड तर कधीच लागत नव्हता काका. एकदा लॉगिन केलं की फोन उघडाच राहतो, महिनोन्‌महिने. नंबर बदलताना मी पाहिलं ना. बाबा रोज स्वतः लॉगआउट करायचे."

"रोज?"

"रोज सकाळी. मी आणि प्रिया साडेसहाला ऑफिसला निघालो, की लगेच. मी विचारलं, असं का करता? म्हणाले, तिजोरी बंद करून ठेवावी. मला वाटलं, बँकेची सवय."

मी बँका तपासल्या आहेत. तिजोरी संध्याकाळी बंद करतात, काम संपल्यावर. सकाळी ती उघडायची असते. मुलगा-सून कामाला गेली, दार लागलं, बाहेर बर्फ, आत एक म्हातारा. तिकडे सकाळ होते तेव्हा इकडे दिवेलागण असते, हे मी जवळजवळ वर्षभर रोज अनुभवलं होतं. त्यावर आक्षेप काढायचं मला कधी सुचलं नाही. मी फक्त किती वेळा फोन येतो हे सांगत हिंडलो. कधी येतो, ते पाहिलं नाही.

हिला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "मला माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खूश होता. गोष्टी सांगायला मिळत होत्या."

जेवण झाल्यावर मी माझा स्मार्टफोन काढला. माझंही फोटोंचं खातं आहे. त्यात नातीचे चार फोटो, बाकी विजेची बिलं आणि औषधांच्या चिठ्ठ्या. त्या खात्याला मी कधी साधी कडीही घातली नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत झटून मी त्यात ते पान शोधून काढलं, जिथे कोड कोणत्या नंबरवर पाठवायचा हे विचारतात. तिथे खांबेट्यांचा कॅल्गरीचा नंबर घातला. हिने दोनदा ताडून पाहिला.

मग मी त्यांना फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"खांबेटे, तुमच्या फोनवर एक कोड आला असेल."

"आला आहे. मी तर काही उघडलं नाही."

"मी उघडतोय. माझं खातं. कोड यापुढे तुमच्याकडे येईल."



"आहे काय तुमच्या खात्यात?"

"विजेची बिलं."

"हं," खांबेटे म्हणाले. "अशी कागदपत्रं एकट्याच्या ताब्यात ठेवणं बरं नव्हे. रोज लागतील का?"

"रोज. मी विसराळू झालोय हल्ली. संध्याकाळी बंद करतो आणि लगेच काहीतरी आठवतं."

"तुमच्या संध्याकाळी म्हणजे माझ्या सकाळी. मी मोकळाच असतो. सांगतो हं, थांबा. चष्मा आत राहिला. फोन ठेवू नका."

मी ठेवला नाही. सपातांचा आवाज लाकडी जमिनीवरून लांब लांब गेला. कुठेतरी एक खण ओढल्याचा आवाज, मग दुसरा. त्या घरात आणखी कसलाच आवाज नव्हता. हिने माझ्यापुढे चहा ठेवला आणि खुणेने विचारलं, काय झालं? मी बोट ओठांवर ठेवलं. कोडची मुदत केव्हाच संपली होती. सपाता आता परत येत होत्या, आणि त्या चांगल्याच घाईत होत्या.